नेम कुठे धरायचा: फेकलेल्या चेंडूची वाट ओल्या वाळूवर शिकण्याची रीत

वीस मीटरवरून यष्टी उडवायच्या असतील तर नेम यष्टींवर धरून चालत नाही. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणापासून पडायला लागतो, आणि यष्टींपाशी पोचेपर्यंत तो तुमच्या नेमाच्या रेषेपासून कित्येक फूट खाली आलेला असतो. ज्यांचा हात चांगला असतो ते हे न मोजताच ओळखतात. पण मुलांना शिकवताना ‘थोडा वर मार’ एवढंच सांगून भागत नाही. थोडा म्हणजे किती, हे त्यांना हवं असतं, आणि ते सांगता येतं.

हा किती कशावर ठरतो? बहुतेक जण म्हणतील, अंतरावर. खरं उत्तर आहे वेळेवर. चेंडू हवेत किती वेळ राहिला, एवढं एकच कळलं की तो किती खाली येणार हे ठरलं. तो जड आहे की हलका, जोरात गेला की हळू, याची गुरुत्वाकर्षणाला पर्वा नाही. पुढची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

जागा आणि सामान

गोव्यात यासाठी मैदानापेक्षा सरस जागा आहे, ती म्हणजे ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू. चेंडू जिथे पडतो तिथे खळगा उरतो, टेप लावून निवांत मोजता येतं. कोलवा, बाणावली इथली वाळू सपाट आणि रुंद आहे. पणजीकरांना मिरामार जवळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी लागते, पाणी लांब जातं, तेव्हा जा. सकाळची वेळ घ्या, कारण दुपारी समुद्रावरचं वारं सुटलं की मोजमापाचा विचका होतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे कुंपण घातलेल्या घरट्यांच्या जवळपास हे उद्योग मुळीच करू नका, दुसरा किनारा निवडा.

फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या वाचकांना समुद्र लांब पडतो. भातकापणी झाल्यावरचं मोकळं शेत चालेल. चेंडू पाण्यात बुडवून फेकला तर सुक्या तांबड्या मातीवर त्याचा डाग स्पष्ट उमटतो.

सामान साधं आहे: टेनिस चेंडू, एक जुना लेदरचा चेंडू, तीस मीटरची टेप, दोन उंच बांबू, सुतळी, काही लोखंडी नट, वही आणि स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल. लेदरचा चेंडू फक्त मोकळ्या जागी वापरायचा, समोर आणि दोन्ही बाजूंना माणसं नसताना. दगड तर वापरायचाच नाही.

पायरी पहिली: पडणं मोजा

फेकण्याआधी नुसतं सोडून बघायचं. हात दोन मीटर उंचीवर धरा आणि चेंडू सोडा. मोबाइलवर सेकंदाला १२० चौकटींचं चित्रण असेल तर सोडल्यापासून वाळूला टेकेपर्यंत ७७ च्या आसपास चौकटी मोजता येतील, म्हणजे ०.६४ सेकंद. आता लेदरचा चेंडू सोडा. वजन टेनिस चेंडूच्या जवळजवळ तिप्पट, वेळ तीच. मुलांना हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. जड वस्तू लवकर पडते हा समज तोंडी सांगून जात नाही.

गोव्याच्या अक्षांशावर गुरुत्वीय त्वरण ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ध्रुवांपाशी ते ९.८३ असतं. आपल्या कामाला हा फरक नगण्य आहे. पडण्याचं अंतर काढायला ४.९ ला वेळेने दोनदा गुणायचं, बस्स. त्यातून हे आकडे येतात:

०.१ सेकंदात ५ सेंटिमीटर
०.२ सेकंदात २० सेंटिमीटर
०.३ सेकंदात ४४ सेंटिमीटर
०.४ सेकंदात ७८ सेंटिमीटर
०.५ सेकंदात १ मीटर २२ सेंटिमीटर
१ सेकंदात ४.९ मीटर

वेळ दुप्पट झाली की पडणं चौपट होतं, हे या यादीत नीट बघून ठेवा. तोच चेंडू त्याच वेगाने दुप्पट अंतरावर फेकला तर नेम दुप्पट वर नेऊन भागणार नाही, इथेच नवशिक्यांचे फेक आखूड पडतात. वस्तू उंचावरून आली की हेच गणित अंगावर येतं. पंधरा मीटर उंच माडावरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर असताना खाली कुणी उभं राहू नये, ते याचसाठी.

पायरी दुसरी: आडवं जाणं आणि पडणं वेगळं करा

टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवा. पट्टीच्या एका झटक्यात एक नाणं जोरात आडवं उडेल आणि दुसरं जागच्या जागी खाली पडेल अशी मांडणी करा. डोळे मिटून ऐका. दोन्ही नाण्यांचा आवाज एकदमच येतो. आडवं किती जोरात गेलं याचा पडण्याशी संबंध नाही. गॅलिलिओने फेकलेल्या वस्तूच्या हालचालीचे हे दोन भाग वेगळे करून दाखवले आणि वाट अन्वस्त (पॅराबोला) असते हे १६३८ साली छापून प्रसिद्ध केलं. त्याआधी तोफगोळा आधी सरळ रेषेत जातो, मग जोर संपला की खाली कोसळतो, असं मानणारे पुष्कळ होते. आजही मुलांना चेंडूची वाट काढायला सांगा, बरीच मुलं तशीच काढतील.

पायरी तिसरी: सुतळीची काठी

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत उपयोगी वस्तू हीच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

अडीच मीटरची सरळ काठी घ्या. एका टोकाजवळ खूण करा, ती हाताची जागा. तिथून दर ४० सेंटिमीटरवर एक सुतळी बांधा, अशा पाच. पहिलीची लांबी ५ सेंटिमीटर, मग २०, ४४, ७८ आणि शेवटची १२२. प्रत्येकीच्या टोकाला नट बांधा, लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा.

आता काठी खांद्याच्या उंचीवर आडवी धरा. नटांची टोकं ओळीने बघा, खाली वळत जाणारी वाट दिसेल. काठी म्हणजे नेमाची रेषा, सुतळ्या म्हणजे गुरुत्वाकर्षणाने केलेली घट. सेकंदाला ४ मीटर वेगाने, म्हणजे अगदी हळू, फेकलेल्या चेंडूची ही खऱ्या मापाची वाट आहे, लहान करून काढलेलं चित्र नव्हे. मागे भिंत किंवा होडी असेल तर शेजारून चेंडू हळूच फेकून चित्रण करा आणि नटांशी ताडून बघा.

मग काठीचं पुढचं टोक वर उचला. सुतळ्या उभ्याच लोंबत राहतात, त्यांची लांबी बदलत नाही, आणि तरीही वाट बदलते. तीस अंशांवर शेवटचा नट हाताच्या पातळीच्या २२ सेंटिमीटर खाली असतो. ३७ ते ३८ अंशांच्या दरम्यान तो बरोबर हाताच्या पातळीवर येतो. पंचेचाळीसला १९ सेंटिमीटर वर. नेम वर उचलला म्हणून चेंडू कमी पडतो असं मुळीच नाही. तो तेवढाच पडतो, फक्त वरच्या रेषेपासून पडतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

याच काठीने आणखी एक गोष्ट दाखवता येते. काठीचं टोक फांदीवरच्या मानकुराद आंब्याकडे रोखा. तुम्ही चेंडू सोडताय त्याच क्षणी आंबा देठातून सुटला, तर सरळ आंब्यावर धरलेला नेम अचूक लागतो, कारण चेंडू रेषेपासून जेवढा खाली येतो तेवढाच आंबाही खाली आलेला असतो. फक्त चेंडू तिथवर पोचण्याआधी आंबा जमिनीवर आदळता कामा नये. आंबा फांदीवरच राहिला तर मात्र चेंडू त्याच्या खालून जातो. (खऱ्या आंब्यासाठी झेला, म्हणजे काठीला बांधलेली जाळी, वापरावा. आठ मीटरवर दगड पोचवायला सुटताना ताशी ४५ किलोमीटर वेग लागतो, आणि नेम चुकला की तो जवळपास त्याच वेगाने खाली येतो.)

पायरी चौथी: आपला वेळ काढा

वाळूवर वीस मीटर मोजा. खेळपट्टी २०.१२ मीटरची असते, म्हणजे जवळपास तेवढंच. जोडीदाराला छातीच्या उंचीवर झेल मिळेल असा चेंडू फेका. तिसऱ्याने बाजूने असं चित्रण करायचं की हात आणि झेल दोन्ही चौकटीत येतील. स्लो मोशनच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका, चौकटी मोजा आणि १२० ने भागा. असे बरेच फेक करून मधला आकडा घ्या. सगळ्यांत जोरकस फेकीचा आकडा धरण्याचा मोह होतो, पण सामन्यात हात तेवढा चालत नाही.

एक सेकंद आला तर तुमचा आडवा वेग ताशी ७२ किलोमीटर. ०.८ सेकंद आला तर ९०. शाळकरी मुलांचा सव्वा सेकंदाच्या आसपास येणं अगदी स्वाभाविक आहे.

आता घट काढा. एका सेकंदाला ४.९ मीटर. ०.८ ला ३.१ मीटर. मोठ्या माणसाचा चेंडू डोक्याच्या उंचीवर, समजा १.८ मीटरवर सुटतो आणि बेल्स ०.७ मीटरवर असतात, म्हणजे १.१ मीटरचा उतार आयताच मिळतो. तो वजा करायचा. तेव्हा एक सेकंद घेणाऱ्याने यष्टींपाशी आपल्या हाताच्या पातळीपेक्षा ३.८ मीटर वर नेम धरायचा, ०.८ सेकंद घेणाऱ्याने २ मीटर वर, आणि ०.६ सेकंदात पोचवणाऱ्याने, ज्याचा वेग ताशी १२० किलोमीटर असतो, फक्त ६५ सेंटिमीटर वर. ज्याचा हात जोरदार त्याचा नेमही चांगला दिसतो, त्याचं मोठं कारण इथे आहे. त्याला दुरुस्तीच थोडी करावी लागते.

३.८ मीटर ऐकून मुलं दचकतात. ‘एवढा वर चेंडू जातच नाही!’ बरोबर आहे, जात नाही. हात आणि लक्ष्य एका उंचीवर असतील तर चेंडू ज्या उंचीला चढतो त्याच्या चौपट उंचीवर नेमाची रेषा लक्ष्यापाशी पोचलेली असते. एक सेकंदाची फेक हातापासून जेमतेम १.२ मीटर चढते, पण नेम मात्र ४.९ मीटर वर धरलेला असतो. चेंडूचा माथा म्हणजे नेम नव्हे. शिकवणाऱ्याने ही गोष्ट दोनदा, तीनदा सांगावी.

पायरी पाचवी: सुतळीचं दार

आता नेम धरायचा तरी कशावर? यष्टींपाशी तेवढ्या उंचीवर नुसती हवा असते. मागचं माडाचं झाड खूण म्हणून धरायला लोक सांगतात, पण ते झाड जितकं मागे तितकी खूण आणखी वर जायला हवी, आणि हे कुणी मोजत नाही. त्यापेक्षा खूण आपल्याजवळ आणावी.

फेकणाऱ्यापासून ५ मीटरवर दोन बांबू रोवा आणि त्यांच्यामध्ये दोन आडव्या सुतळ्या बांधा, मध्ये ३० सेंटिमीटरची फट ठेवून. चेंडू या फटीतून गेला पाहिजे. वीस मीटरवरच्या बेल्ससाठी फटीचा मध्य किती उंचीवर हवा ते असं:

१.२ सेकंद घेणाऱ्याला २.८५ मीटर
१ सेकंद घेणाऱ्याला २.४५ मीटर
०.८ सेकंद घेणाऱ्याला २.१ मीटर
०.६ सेकंद घेणाऱ्याला १.८५ मीटर

लहान मुलाचा हात १.८ ऐवजी दीड मीटरवर सुटत असेल तर हे आकडे २० ते २५ सेंटिमीटरने कमी करा. चेंडू फटीतून जातो पण यष्टींच्या आधी टप्पा पडतो, तर वेग कमी पडतोय, फट वर न्या. फटीतून जाऊन यष्टींवरून जातो, तर वेग मोजला त्यापेक्षा जास्त आहे, फट खाली आणा. जरा खाली गेलेला चेंडू यष्टींना लागेलच, वरून गेलेला मात्र ओव्हरथ्रो होतो, म्हणून चुकायचंच तर खालच्या बाजूने चुकलेलं बरं.

फटीला चुकणारा चेंडू सहसा सोडण्याच्या क्षणाने चुकतो. खांद्यावरून फेकताना हात गोल फिरत असतो. चेंडू लवकर सुटला तर वर जातो, उशिरा सुटला तर खाली आपटतो. कोनात एका अंशाची चूक म्हणजे वीस मीटरवर ३५ सेंटिमीटरचा फरक. दाराचा खरा फायदा हा की चूक कोनाची आहे की वेगाची, हे लगेच वेगळं कळतं.

पायरी सहावी: लांब फेक आणि ४५ अंशांची गोष्ट

सीमारेषेवरून फेकताना प्रश्न बदलतो. सेकंदाला २० मीटर वेगाने जमिनीच्या पातळीवरून फेकलेला चेंडू, हवा सोडून दिली तर, ४५ अंशांवर ४१ मीटर जातो. ३० आणि ६० अंशांवर तो सारखाच, ३५ मीटर जातो. १५ आणि ७५ अंशांवरही सारखाच, २० मीटर. पण १५ अंशांचा चेंडू एका सेकंदात पोचतो आणि ७५ चा जवळजवळ चार सेकंदांनी. धावचीत करायचं तर सपाट फेकच हवी, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

वाळूवर करून बघण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ४५ अंशांच्या आसपास कोन दोन अंशांनी चुकला तरी अंतरात जेमतेम १० सेंटिमीटरचा फरक पडतो. १५ अंशांवर तीच चूक अडीच मीटरच्या घरात जाते. उंच फेक कोनाची चूक पोटात घालते, सपाट फेक घालत नाही. वेगाची चूक मात्र दोघींनाही भोवते: वेग ५ टक्के कमी, तर अंतर १० टक्के कमी.

प्रत्यक्षात ४५ अंश सर्वोत्तम ठरत नाहीत. हात जमिनीच्या वर असतो, हवा अडवते, आणि माणसाला खालच्या कोनातच जास्त जोर लावता येतो. गोळाफेकीतले चांगले खेळाडूही ४५ च्या बरेच खाली राहतात. चेंडूसाठी ३५ च्या आसपास सुरुवात करा आणि वाळूवरच्या खळग्यांना ठरवू द्या. कोन मोजायला दप्तरातला कोनमापक, त्याच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला नट एवढं पुरतं.

लक्ष्य वर किंवा खाली असेल तर एक नियम फार कामाचा आहे. लक्ष्याकडे बघताना नजर आडव्या रेषेपासून जितके अंश वर जाते त्याचे निम्मे करून ४५ मध्ये मिळवा. कमीत कमी जोरात तिथे पोचण्याचा तो कोन. बास्केटबॉलची कडी ३.०५ मीटरवर असते. फ्री थ्रोच्या रेषेवरून, चेंडू डोक्यावर धरलेला असताना, ती साधारण १३ अंश वर दिसते. म्हणजे ५१ ते ५२ अंश. लक्ष्य खाली असेल तर निम्मे वजा करायचे.

पायरी सातवी: वारं आणि फिरकी

आतापर्यंतच्या आकड्यांत हवा धरलेली नाही. वीस मीटरच्या फेकीत लेदरच्या चेंडूला तिचा त्रास थोडाच होतो. टेनिस चेंडू जवळपास तेवढाच मोठा पण हलका, म्हणून त्याचा वेग झपाट्याने उतरतो. गावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेसाठी सराव करत असाल तर वेळ त्याच चेंडूने मोजा, लेदरचे आकडे तिथे वापरू नका.

बोटं चेंडूच्या मागून खाली ओढत सोडली की त्याला उलटी फिरकी मिळते आणि तो किंचित तरंगत जातो. शिवण आडवी, दोन बोटं तिच्यावर, ही पकड त्यासाठीच. एका बाजूला कललेली बोटं चेंडूला बाजूलाही वळवतात. दाराच्या फटीतून जाऊनही चेंडू सतत एकाच बाजूला चुकत असेल तर नेम बदलण्याआधी बोटं तपासा.

दुपारी त्याच जागी परत फेकून बघा. किनाऱ्याला समांतर फेकलात तर समुद्राकडचं वारं चेंडूला जमिनीकडे ढकलेल, आणि उंच फेक सपाट फेकीपेक्षा किती जास्त सरकते ते वाळूवर मोजता येईल. इथेही कारण वेळच आहे. चार सेकंद हवेत राहिलेला चेंडू वाऱ्याच्या तावडीत चार सेकंद असतो.

दोर टाकताना

हे सगळं क्रिकेटपुरतं नाही. नदीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या गावांत प्रत्येकाला बुडणाऱ्या माणसाकडे दोर टाकता यायला हवा, आणि तो सराव याच वाळूवर होतो. वीस-पंचवीस मीटर तरंगता दोर घ्या, टोकाला झाकण घट्ट लावलेली, थोडं पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली बांधा. दोराचं दुसरं टोक हातात पक्कं ठेवा, मनगटाला गुंडाळू नका. हात खालून फिरवून बाटली सोडा. मागून उलगडणारा दोर तिला ओढत असतो, म्हणून ती मोकळ्या चेंडूपेक्षा नेहमी आखूड पडते आणि कोन थोडा चढा ठेवावा लागतो.

वाळूवर दहा मीटरवर माणसाएवढी आकृती काढा. बाटली आकृतीवर पडायला नको. ती तिच्या दोन मीटर पलीकडे पडावी आणि दोर खांद्यावरून जावा, म्हणजे माणसाच्या हाताला तो लगेच लागतो. आखूड पडलेला दोर त्याला गाठता येत नाही. नदीत प्रवाह असेल तर माणूस वाहत येणार हे धरून थोडं खालच्या अंगाला टाका. पहिली फेक चुकली तर दोर नीट गुंडाळत बसू नका, भराभर ओढून पायाशी सैल टाका, बाटलीत पाणी आहे ना ते बघा आणि लगेच पुन्हा फेका. हा दुसरा फेक ओल्या दोराचा, जड असतो, तेव्हा सरावही ओल्या दोरानेच करा.